कामठा, बंदूक आणि कप्पी

चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. नांदगावच्या दक्षिणेला सातमाळ्याची जी रांग दिसते तीच पूर्वेकडे सरकत त्या घाटापर्यंत जाते आणि पुढे अजिंठ्याला मिळते. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले तेव्हा गौताळ्याच्या जोडीने औट्रमचे नावही सरकारी कागदात कायम झाले. ज्या रानात आज सशावर बाण टाकणे हासुद्धा गुन्हा आहे, त्या रानाला वाघाच्या शिकारीचे विलक्षण वेड असलेल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे नाव आहे. जेम्स औट्रमची खानदेशातली खरी कामगिरी मात्र शिकार ही नव्हे. १८२५ पासून त्याने भिल्लांची पलटण उभी केली. कामठा बाजूला ठेवून सरकारी बंदूक हाती घ्यायला त्याने त्यांना तयार केले.

हातातले हत्यार बरे की त्याहून नवे घ्यावे, हा प्रश्न आज दुकानात उभा राहून विचारला जातो. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी कंपाउंड धनुष्य घेणारा माणूस दर दोन-चार वर्षांनी तोच प्रश्न स्वतःला विचारतो: आहे ते चालवावे, की नवे घ्यावे? आपल्याकडे हा प्रश्न शिकारीच्या संदर्भात आता उरलेला नाही. कायद्याने तो मिटवला आहे. पण सातमाळ्यात आणि सातपुड्यात दोनशे वर्षांपूर्वी तो फार गंभीरपणे विचारला गेला होता. त्याला मिळालेले उत्तर आपली पाठ्यपुस्तके वाचून वाटते तितके सरळ नव्हते.

पाठ्यपुस्तकांतले वाक्य ठरलेले असते: धनुष्यबाणासारख्या आदिम शस्त्रांनिशी आदिवासींनी इंग्रजांच्या बंदुकांशी झुंज दिली. हे वाक्य गौरवाचे आहे असे आपण समजतो, आणि विद्यार्थ्यांकडूनही ते तसेच लिहून घेतो. जरा थांबून पाहिले तर त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. एक, भिल्लाला बंदूक ठाऊक नव्हती किंवा परवडत नव्हती, म्हणून त्याच्या हाती कामठा राहिला. दुसरी, हत्यारांची एक शिडी असते आणि जो खालच्या पायरीवर आहे तो मागासलेला. पहिली गोष्ट बऱ्याच अंशी चूक आहे. दुसरी इतक्या खोलवर रुजली आहे की ती चूक आहे हे ध्यानातही येत नाही.

आधी शब्दांकडे पाहू, कारण आमच्यासारख्यांची पहिली धाव तिकडेच. मराठीत धनुष्याला दोन कुळांतले शब्द आहेत. धनुष्य, चाप, शर, बाण, भाता, प्रत्यंचा हे पुराणांतून आणि काव्यांतून आलेले. कमान, तीर, तिरंदाज, चिल्ला हे फारसीतून, म्हणजे दरबारातून आणि छावणीतून आलेले. या दोन्ही कुळांच्या खाली, कोणाच्या फारशा लक्षात न येणारा असा तिसरा शब्द आहे: कामठा. बांबूच्या चिरलेल्या पट्टीला आपण कामठी म्हणतो. टोपल्या विणणाऱ्याची, पतंग बांधणाऱ्या पोराची कामठी आणि भिल्लाचा कामठा यांचे नाते उघड आहे. फारसी तीर आणि देशी कामठा यांचा जोडशब्द होऊन तीरकामठा झाला. ही जोडी भाषेत जमली, पण वस्तूंच्या जगात कमान आणि कामठा अगदी निराळ्या घरच्या. कमान हा शब्द पुढे दाराच्या वर जाऊन बसला, घड्याळात शिरला. कामठा मात्र रानातच राहिला.

शिस्त या शब्दाची गोष्ट तर याहून गमतीची. आज शिस्त म्हटले की शाळेतली रांग आठवते. परंतु शिस्त धरणे, शिस्त बांधणे म्हणजे नेम धरणे हा अर्थ जुन्या मराठीत चांगला रुळलेला होता, आणि ज्या फारसी शब्दावरून तो आला त्याचा संबंध तिरंदाजाच्या अंगठ्याशी आणि त्यात घालायच्या कड्याशी आहे. मध्य आशियातून आलेला घोडेस्वार तिरंदाज दोरी ओढी ती अंगठ्याने. दोरीने कातडे सोलून निघू नये म्हणून तो अंगठ्यात हाडाचे, दगडाचे किंवा धातूचे कडे घाली. अंगठ्यातून शब्द नेमाकडे गेला आणि नेमातून कवायतीकडे. पुढे एकलव्याकडे वळू तेव्हा हा अंगठा पुन्हा लागेल.

कमान ही वस्तू लाकूड, शिंग आणि स्नायू सरसाने एकमेकांवर चिकटवून केलेली असे. आतल्या बाजूला शिंग, कारण ते दाब सोसते. बाहेरच्या बाजूला स्नायूंचे तंतू, कारण ते ताण सोसतात. मध्ये लाकडाचा गाभा. अशी कमान आखूड असूनही जबर ताकदीची, म्हणून घोड्यावरून वापरायला सोयीची. ती घडायला आणि वाळायला महिनोन्‌महिने लागत. पावसाळी, दमट हवेत तिचा सरस सैल पडे. हिंदुस्थानात पोलादी धनुष्ये झाली त्यामागे हे एक कारण होते: शस्त्रागारात टांगून ठेवलेले पोलाद दमट हवेत सुटे होत नाही. बाण मात्र त्यातून शिंगाच्या कमानीइतक्या जोमाने सुटत नसे. म्हणजे नवे ते सर्वच बाबतींत सरस, असे तेव्हाही नव्हते. एक गुण पदरात पडला की दुसरा हातचा जाई.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. त्यात धनुष्याचे साहित्य क्रमाने दिले आहे: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग, प्रत्येकाला निराळे नाव. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू असे पर्याय सांगितले आहेत. बांबूची दोरी या यादीत आहे हे महत्त्वाचे. आपण जिला रानटी युक्ती समजतो ती राजाच्या कोठारातही मान्य होती.

भिल्लाचा कामठा म्हणजे बांबूचे धनुष्य आणि त्याला बांबूच्याच सालीच्या चोयीची दोरी. चोयीची दोरी सुती दोरीसारखी पावसात भिजून लांबत नाही. तुटली तर दुसरी काढायला बाजारात जावे लागत नाही. बांबू आणि कोयता हाताशी असला की झाले. विकत घ्यायचे म्हणजे बाणाच्या टोकाचे लोखंड, तेवढ्यापुरते लोहाराचे तोंड पाहायचे. बाकी सारे रानातले: नळी, पिसे, डिंक. कामठा ज्याचा त्याच्या अंगाला बेतलेला असतो, कारण करणारा आणि वापरणारा बहुधा एकच. आजचा शिक्षक कंपाउंड धनुष्य घेणाऱ्या मुलाला पहिली गोष्ट सांगतो ती हीच की, तुझ्या हाताच्या लांबीला बसेल ते घे, दुसऱ्याचे पाहून घेऊ नकोस. सातमाळ्यातल्या माणसाला हे सांगावे लागत नव्हते.

याचा अर्थ कामठा सर्वगुणसंपन्न होता असा नाही. त्याचा पल्ला बेताचा. जाड अंगरखा किंवा ढाल असेल तर बाण अडतो. उघड्या माळावर, समोरासमोर, ओळीने उभ्या राहिलेल्या सैन्यापुढे त्याचे काही चालत नाही. ज्याला कामठ्याने लढायचे आहे त्याने झाडी, घळ आणि रात्र निवडली पाहिजे. भिल्लांच्या लढाईला चोरटी, भेकड वगैरे विशेषणे लावणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही साधी गोष्ट विचारात घेतलेली दिसत नाही. हत्यार आपली लढाईची रीत आपल्याबरोबर घेऊन येते.

आता दुसऱ्या पारड्यात बंदूक ठेवून पाहू. फ्रेंच प्रवासी बर्निये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोगल दरबारी होता. घोड्यावरचा तिरंदाज सहा बाण सोडतो तेवढ्या वेळात बंदूकवाल्याचे दोन बारही होत नाहीत, अशा अर्थाचे निरीक्षण त्याने नोंदवले आहे. हे तोड्याच्या बंदुकीविषयी आहे, आणि आपल्या प्रदेशात ती एकोणिसाव्या शतकातही भरपूर वापरात होती. तिचा तोडा सतत जळता ठेवावा लागतो. पावसात तो विझतो. काळोखात त्याचा लाल ठिपका दुरून दिसतो, त्याचा वासही वाऱ्यावर जातो. बार उडाला की धूर वर चढतो आणि मारणारा कोठे आहे ते साऱ्या दरीला कळते. पुन्हा ठासून भरायला वेळ लागतो तो वेगळाच. झाडीत दबा धरून बसणाऱ्याच्या दृष्टीने हे सारे दोष मोठे आहेत. बंदुकीचे गुण उघड आहेत: जबर मारा, जखमेची भीषणता, आवाजाचा धाक, आणि शिकवायला लागणारा थोडा काळ. कामठा लहानपणापासून हातात असावा लागतो. बंदूक चालवायला काही आठवड्यांत शिकवता येते. म्हणूनच बंदूक हे मुख्यतः राजाचे, सैन्याचे, पगारी माणसांचे हत्यार ठरले. दारू आणि शिसे कोठून आणायचे, हा बंदुकीचा खरा प्रश्न. ते बाजारपेठेतून येते, पेठ ठाण्याच्या ताब्यात असते, आणि ठाणे कोणाच्या ताब्यात ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हणजे भिल्लाने कामठा ठेवला तो केवळ नाइलाजाने नव्हे. त्याच्या रानात, त्याच्या कामासाठी, त्याला परवडणाऱ्या परावलंबनाच्या मर्यादेत तो बरा होता म्हणून ठेवला. जेव्हा काम बदलले तेव्हा त्याने बंदूकही उचलली. याचा पुरावा आमच्याच तालुक्यात आहे. पण त्याआधी १८२५ ची गोष्ट पुरी करायला हवी.

पेशवाईच्या अखेरच्या काळात खानदेश उद्ध्वस्त झाला होता. होळकर-शिंद्यांच्या धावण्या, १८०३-०४ चा दुष्काळ, आणि त्यानंतर भिल्लांवर झालेले अत्याचार. १८०४ साली कोपरगावला पेशव्यांच्या अंमलदाराने मोठ्या संख्येने भिल्लांना विश्वासघाताने मारले. ज्यांच्याकडे घाटांची आणि गावांची राखण पिढीजाद होती ती माणसे डोंगरात गेली आणि राखणीचे हक्क लुटीने वसूल करू लागली. १८१८ साली इंग्रज आले तेव्हा त्यांनी आधी तलवार चालवून पाहिली, मग काही नायकांना तनखे बांधून दिले. दोन्हींनी बंड शमले नाही. १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात निराळे धोरण आले: भिल्ल एजन्सी स्थापून शेतीला तगाई द्यायची, आणि भिल्लांचीच पलटण उभारायची. दक्षिणेकडची एजन्सी सातमाळ्यापलीकडे कन्नडला होती. पलटणीचे ठाणे धरणगावला, औट्रमच्या हाताखाली.

औट्रमने माणसे जमवली ती त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊन, त्यांच्यात बसून-खाऊन. इंग्रजी चरित्रांत या भागाचे वर्णन मोठ्या प्रेमाने केलेले असते. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. धाडसी माणसाला धाडसी माणूस ओळखतो. पण त्या वर्णनांत एक व्यवहार झाकला जातो. भिल्ल शिपायाला जी बंदूक मिळाली ती त्याची नव्हती. ती हजेरीला दाखवायची, साफ ठेवायची, नोकरी सुटली की परत करायची. दारूगोळा मोजून मिळे. बंदुकीबरोबर पगार आला, पगाराबरोबर कवायत आली, कवायतीबरोबर शिस्त. कामठा मात्र ज्याचा त्याच्या मालकीचा होता. नव्या हत्याराने शिपायाची ताकद वाढली खरी, पण ती ताकद आता दुसऱ्याच्या कोठारात जमा होती. ही पलटण १८९१ पर्यंत टिकली आणि मग पोलिसांत विलीन झाली. सिमकॉक्सने १९१२ साली तिचा इतिहास लिहिला.

आता आमचा तालुका. १८५७ च्या ऑक्टोबरात नाशिक-पुणे वाटेवरच्या नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकाच्या माणसांशी झालेल्या चकमकीत पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री मारला गेला. भागोजी हा सिन्नरकडचा भिल्ल नायक. तो पूर्वी अहमदनगरच्या पोलिसांत अंमलदार होता. १८५५ साली दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला, आणि थोड्याच काळात तो बंडात उतरला. म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेला हा माणूस रानातून थेट आलेला नव्हता. सरकारी बंदूक, सरकारी हुकूम आणि सरकारी शिक्षा हे तिन्ही त्याने आतून पाहिले होते.

त्यानंतर तीन महिन्यांनी, २० जानेवारी १८५८ रोजी, नांदगाव तालुक्यातल्या मांडवडजवळ दाट झाडीत जमलेल्या भिल्लांवर कॅप्टन माँटगोमेरीने हल्ला केला. झाडीतून आलेल्या पहिल्याच माऱ्यात बरेच शिपाई पडले आणि माँटगोमेरी स्वतः जखमी झाला. दुसऱ्यांदा चाल करताना लेफ्टनंट स्टुअर्टला प्राणघातक जखम झाली. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये ही हकीकत आहे. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते: कवायती फौजेला दोनदा मागे रेटणारा तो मारा बंदुकांचा होता. ज्यांच्याविषयी आपण तीरकामठ्यानिशी लढले असे सरसकट लिहितो ते येथे झाडीचा आसरा घेऊन बंदुका चालवत होते. जागा कामठ्याच्या लढाईची, हत्यार पलटणीचे. आम्हांला ही जोड त्या काळातल्या कोणत्याही सेनापतीच्या युक्तीइतकी विचारपूर्वक वाटते. तरीही मांडवडच्या या लढाईचे नाव शाळेच्या इतिहासात आमच्या पाहण्यात आलेले नाही. नांदगाव तेव्हा खानदेशात मोडत असे. नाशिक जिल्हा झाला तो १८६९ साली. जिल्हे बदलले की आठवणींचेही असे होत असावे, अलीकडच्या पुस्तकात नाही आणि पलीकडच्याही नाही.

भागोजी ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नरजवळच्या मिठसागरला सूटरच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांची आंबापाणीची लढाई त्याआधी, ११ एप्रिल १८५८ रोजी होऊन गेली होती. भिल्ल पलटण या साऱ्या काळात सरकारच्या बाजूने राहिली.

बंडानंतर निःशस्त्रीकरण आले आणि १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. त्या कायद्यातली शस्त्रांची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, आणि त्यांच्याच ओळीत धनुष्यबाण. पुढच्याच ओळीत तोफ. जे हत्यार आदिम म्हणून हिणवले गेले त्याला कायद्याने तोफेच्या शेजारी बसवले. त्याच वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलातली शिकार सरकारच्या नियमांखाली आली. बंदुकीचे परवाने मिळत गेले ते पाटील, इनामदार, साहेब आणि त्यांचे पाहुणे यांना. भिल्लाने कामठा सोडून बंदूक घ्यावी की नाही, हा प्रश्न आता त्याचा उरलाच नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या हाती पुन्हा कामठाच दिसतो. छायाचित्रकार आणि मानववंशशास्त्रज्ञ तो पाहतात आणि हा समाज बदललाच नाही असे लिहून ठेवतात. बदलाची वाट कोणी बंद केली ते छायाचित्रात येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने कितीतरी परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा परंपरागत हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. हे योग्य की अयोग्य या वादात आम्ही येथे शिरत नाही. सातमाळ्याची आजची विरळ झाडी पाहता शिकार मोकळी करा असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. झाडी विरळ कोणामुळे झाली, हा प्रश्न मात्र या उत्तराने मिटत नाही.

आता एकलव्य. महाभारतात तो निषादराजाचा मुलगा आहे, भिल्ल नव्हे. पण परंपरेने त्याला भिल्लांत आणून बसवले आणि भिल्लांनीही त्याला आपला मानले, तेव्हा कुळाचा वाद व्यर्थ आहे. त्याच्या बापाचे नाव हिरण्यधनू, म्हणजे सोन्याच्या धनुष्याचा. दलित आणि आदिवासी कवितेत तुटलेला अंगठा इतक्या वेळा आला आहे की त्याची धार बोथट होऊ पाहते. आदिपर्वातल्या कथेचा एक तपशील मात्र कवितांनी फारसा उचललेला नाही. अंगठा दिल्यानंतर एकलव्याने धनुष्य टाकले नाही. तो नुसत्या बोटांनी दोरी ओढू लागला. फक्त त्याचा पहिला वेग राहिला नाही, असे व्यास सांगतात. द्रोणाला तेवढेच हवे होते. ज्ञान नष्ट व्हावे असे त्याला वाटत नव्हते. अर्जुनापेक्षा ते हळू चालावे, इतकेच.

अनेक भिल्ल तिरंदाज आजही तर्जनी आणि मधल्या बोटाने दोरी ओढतात, अंगठा लावत नाहीत. एकलव्याच्या स्मरणार्थ ही रीत आहे असे ते अभिमानाने सांगतात. तंत्राच्या अंगाने पाहिले तर बोटांनी ओढण्याची ही रीत जगात ठिकठिकाणी आहे, युरोपात तर तीच मुख्य. अंगठ्याने ओढणे ही घोड्यावरच्या आखूड कमानीची रीत. स्मरण आणि तंत्र यांपैकी आधी काय आले हे सांगता येणार नाही. एखाद्या समाजाने आपल्या हाताच्या रोजच्या हालचालीला कथेचा अर्थ द्यावा, हे मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याने जपून ठेवावे असे आहे.

कंपाउंड धनुष्याचे सारे नवेपण त्याच्या दोन टोकांच्या चाकांत आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात राहणाऱ्या हॉलिस विल्बर ॲलनने त्याच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ च्या अखेरीस ते मंजूर झाले. धनुष्याची टोके करवतीने कापून तेथे कप्प्या बसवल्या, असे सांगतात. साध्या धनुष्यात दोरी जितकी ओढावी तितका जोर वाढत जातो, आणि नेम धरण्याच्या क्षणी तो सर्वांत जास्त असतो. म्हणूनच साधा तिरंदाज फार वेळ थांबू शकत नाही. त्याचे हात कापू लागतात. ॲलनच्या कप्प्यांचा आस मध्यावर नसून एका बाजूला आहे. त्यामुळे जोर मधल्या टप्प्यावर शिगेला पोचतो आणि पुढे एकदम उतरतो. ओढताना साठ पौंडांचे धनुष्य पूर्ण ओढल्यावर बारा-पंधरा पौंडांइतकेच जाणवते. माणूस थांबू शकतो, श्वास सोडू शकतो, हरणाने मान वळवण्याची वाट पाहू शकतो. शिवाय दोरी बोटांनी सोडायची नसते. हातात एक लहान सोडयंत्र असते आणि त्याची कळ बऱ्याचदा अंगठ्याने दाबायची असते.

शिकारीसाठी निघालेले हे यंत्र आपल्याकडे आले ते मात्र केवळ मैदानी खेळ म्हणून. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड १९९५ पासून आहे. ऑलिंपिकची दारे त्याला फार काळ बंद होती. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक प्रकाराला जागा मिळाली आहे. या खेळात महाराष्ट्राने जे केले ते थक्क करणारे आहे. २०२३ च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९ विरुद्ध १४८ असे हरवले. कमाल गुण १५०. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी वैयक्तिक जगज्जेती झाली आणि नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके आणली.

पण तालुक्याच्या गावात हे धनुष्य कसे पोचते? भारतात तिरंदाजीचा एक गट 'इंडियन राउंड' या नावाने खेळला जातो. त्यात बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य चालते. काही हजारांत काम भागते, आणि म्हणून ग्रामीण व आदिवासी मुले येथूनच आरंभ करतात. या गटाला देशाबाहेर स्पर्धा नाही. पुढे जायचे तर रिकर्व्ह किंवा कंपाउंड घ्यायचे, आणि तेथे गोष्ट लाखांत जाते. धनुष्य परदेशी, बाण कार्बनचे, सोडयंत्र वेगळे, दुर्बिणीचे भिंग वेगळे. दोरी बदलायची तरी बहुतेक धनुष्यांना दाबयंत्र लागते, आणि ते चालवणारा जाणकार लागतो. तो तालुक्याला नसतो. कामठ्याची चोय कोयत्याने काढणाऱ्या माणसाचा नातू दोरीसाठी पुण्याला निरोप धाडतो.

मुले आम्हांला विचारतात, कारण मराठीचा मास्तर सगळ्याच गोष्टींविषयी बोलतो. सर, बांबू सोडून आता कंपाउंड घेऊ का? याविषयीचे आमचे मत जाणकारांशी बोलून बनलेले आहे आणि ते असे. मूल वाढत्या वयाचे असेल तर थांबावे. कंपाउंडमध्ये दोरी किती ओढायची ते चाकांनी ठरवलेले असते. हाताची लांबी बदलली की चाकांची मांडणीही बदलावी लागते, आणि काही धनुष्यांत ती पुरेशी बदलत नाही. घ्यायचेच झाले तर बदलाला भरपूर वाव असलेले, वापरलेले घ्यावे. स्पर्धेच्या नियमात साठ पौंड ही कमाल मर्यादा आहे. तेथपर्यंत जाण्याची घाई नको, दिवसाला शंभर बाण न थकता ओढता येतील एवढेच वजन ठेवावे. बाण धनुष्याच्या जोराला जुळणारे, योग्य ताठपणाचे असावेत; महाग धनुष्य आणि विजोड बाण यापेक्षा साधे धनुष्य आणि जुळलेले बाण केव्हाही बरे. आधीचे धनुष्य आपल्यामुळे चुकते की धनुष्यामुळे, हे सांगता येईपर्यंत नवे घेऊ नये. आणि सर्वांत आधी, दोरी तुटली तर पहिल्या आठवड्यात ती कोण बदलून देणार, हे विचारून ठेवावे. उत्तर मिळाले नाही तर पैसे घरातच असू द्यावेत.

मुलींच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते. बांबूचे धनुष्य घरात टांगलेले असले तर कोणी हिशेब मागत नाही. दोन-अडीच लाखांचे कंपाउंड आणले की लग्नाच्या बोलण्यांत त्याचा हिशेब निघतो. अशा वेळी मुलीच्या नावावर धनुष्य घेण्यापेक्षा शाळेच्या किंवा मंडळाच्या नावावर घ्यावे असे काही पालक सुचवतात. मग ते धनुष्य हजेरीला दाखवायचे, साफ ठेवायचे, आणि मुलगी गाव सोडून गेली की परत करायचे.